मोजणारे आणि मोजले जाणारे : जपानी गणतीची कहाणी



हल्ली तालुक्याच्या गावांतूनही कराटेचे वर्ग चालतात. शाळेच्या मैदानावर मुले रांगेत उभी राहून एका सुरात ओरडतात : इचि, नि, सान, शि, गो, रोकु, शिचि, हाचि, कु, जू. हे दहा अंक त्यांना आठ दिवसांत पाठ होतात. पण या दहा शब्दांमागे जो इतिहास आहे, तो शिकायला मात्र बराच वेळ लागतो. आज त्याच इतिहासाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

मी भाषापंडित नव्हे आणि गणितीही नव्हे. माझे शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत. हिशेब मी शिकलो तो कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तपासता तपासता. त्यामुळे कोणत्याही देशाचा इतिहास वाचू लागलो की माझ्या मनात प्रथम एक प्रश्न येतो : या देशात मोजत कोण होते, आणि मोजले कोण जात होते? जपानच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे.

प्रारंभीच एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. जपानी भाषेत अंकांची एक नव्हे, दोन मालिका आहेत. कराटेवाली मुले म्हणतात ती मालिका मूळची चीनची. चीनची लिपी कोरियाच्या वाटेने जपानात आली, तिच्याबरोबर हे अंकही आले. पण त्याआधीही जपानी माणूस मोजतच होता. त्याची घरची मालिका अशी : हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु, मुत्त्सु, नानात्सु, यात्त्सु, कोकोनोत्सु, तो. या घरच्या मालिकेत एक गंमत दडलेली आहे. एकाचा 'हि' आणि दोनाचा 'फु', तिनाचा 'मि' आणि सहाचा 'मु', चाराचा 'यो' आणि आठाचा 'या' अशा जोड्या लावून पाहा. व्यंजन एकाच वंशाचे, स्वर तेवढा बदलला, आणि संख्या दुप्पट झाली.

परकी मालिका आली म्हणून घरची गेली नाही. दोघींनी कामे वाटून घेतली. दहापर्यंतच्या सुट्या वस्तू आजही घरच्या अंकांनी मोजतात. महिन्याच्या पहिल्या दहा तारखाही घरच्याच नावांनी ओळखल्या जातात. आपण इंग्रजी तारखा लिहितो, पण भाऊबीज आणि अक्षयतृतीया म्हणतो, तशातलाच हा प्रकार. भाजीच्या दुकानाला जपानी माणूस 'याओया' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ आठशेंचे दुकान, म्हणजे जिथे नाना वस्तू मिळतात ते. देवही ते घरच्याच अंकांनी मोजतात. आठशे वेळा दहा हजार, म्हणजे ऐंशी लाख देव! आपल्या तेहेतीस कोटींपुढे ही संख्या लहान वाटेल, पण दोन्हींचा अर्थ एकच : अगणित.

मात्र मोठा हिशेब चिनी मालिकेने जिंकला, आणि त्याचे कारण तिची सोपी रचना. दहा म्हणजे जू. अकरा म्हणजे 'दहा-एक', जू-इचि. एकवीस म्हणजे 'दोन-दहा-एक', नि-जू-इचि. दहा शब्द पाठ झाले की नव्याण्णवपर्यंत वाट मोकळी. शिवाय जसे लिहावे तसेच बोलावे. आपण ४३ लिहिताना चार आधी लिहितो आणि बोलताना तीन आधी म्हणतो : त्रेचाळीस. एकोणपन्नास म्हणताना तर पन्नासापर्यंत जाऊन एक पाऊल मागे येतो. शंभरापर्यंत मोजायला मराठी मुलाला जवळजवळ शंभर शब्द शिकावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पर्यायी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! भाषा बिघडली असे कोणी म्हणाले, कोणी विनोद केले. बासष्ट आणि त्र्याहत्तर हे शब्द मला प्रिय आहेत. ते जावेत असे मी म्हणणार नाही. पण शेजारच्या मोठ्या देशांतली मुले हजार-दीड हजार वर्षे त्या सोप्या रीतीने मोजत आली आहेत, एवढे तरी त्या वादात लक्षात घ्यायला हवे होते.

सोपेपणालाही अडचणी असतात. चाराला 'शि' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शि'च म्हणतात. नवाचा 'कु' हा दुःखाचाही वाचक आहे. म्हणून चाराला घरचा 'योन' हा शब्द उसना घेतला जातो, आणि नवाला 'क्यू' म्हणतात. सातच्या 'शिचि'ची आणि एकाच्या 'इचि'ची गल्लत होते, म्हणून तिथे 'नाना' आला. यंत्रांच्या खडखडाटात आकडा ओरडून सांगावा लागतो, तेव्हा अशा गल्लतीची किंमत काय असते, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

दहा हजारांपुढे जपानी गणती आपल्याला चकवते. आपण हजारानंतर शंभराशंभराच्या टप्प्याने लाख, कोटी, अब्ज असे चढतो. जपानी माणूस दहा हजारांच्या टप्प्याने चढतो. दहा हजार म्हणजे मान, आणि दहा हजार मान म्हणजे ओकु. आपल्या भाषेत एक ओकु म्हणजे दहा कोटी. महिना 'सान-जू-मान येन' म्हणजे तीस वेळा दहा हजार, अर्थात तीन लाख येन.

आणखी एक खोड जपानी भाषेला आहे. नुसता आकडा तिला पुरत नाही. काय मोजता त्याप्रमाणे आकड्याला शेपूट लागते. कागदासारख्या पातळ वस्तूंना 'माइ', काठीसारख्या लांब वस्तूंना 'होन', पुस्तकांना 'सात्सु', यंत्रांना 'दाइ' आणि माणसांना 'निन'. माणसांत पुन्हा एकटा असेल तर 'हितोरि', दोघे असतील तर 'फुतारि', आणि तिघांपासून 'सान-निन'. हे ऐकून हसू नका. आपणही एकटा, दोघे, तिघे, चौघे म्हणतो आणि पुढे पाच जण, सहा जण. दोन माणसे जिन्यात उभी राहिली तर 'दोघे उभे आहेत' म्हणतो, दोन खुर्च्यांना दोघी म्हणत नाही. माणूस आणि वस्तू एका मापाने मोजू नयेत, ही जाणीव दोन्ही भाषांना आहे. कारखान्यांच्या इतिहासात मात्र ही जाणीव पुष्कळदा हरवली. ते पुढे येईलच.

आकडा जिथे आला तिथे लबाडीही आली. चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा आणि तीन म्हणजे तीन. एका रेघेखाली आणखी दोन ओढायला कितीसा वेळ लागणार? म्हणून करारपत्रांत आणि सरकारी दप्तरांत याच अंकांसाठी मुद्दाम गुंतागुंतीची अक्षरे लिहिण्याची पद्धत पडली. ती आजही चालू आहे. आपण पावतीवर आकडा लिहून खाली 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' असे लिहितो, त्याचेच हे जपानी रूप.

पाढेही चीनमधून आले. जपानी पाढ्यांना 'कुकु' म्हणतात. कु म्हणजे नऊ. फार पूर्वी पाढे नवा नवे एक्क्याऐंशीपासून उलटे म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आठव्या शतकातील 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात त्याचा गमतीदार पुरावा आहे. तिथे 'सोळा' लिहून ते 'शिशि' असे वाचायचे, कारण चार चोक, म्हणजे शि-शि, सोळा होतात. वाचकाला पाढे येतात हे लेखकाने गृहीतच धरले आहे! पण त्या काळचा वाचक म्हणजे दरबारातला माणूस. शेतकऱ्याच्या पोराला पाढे यायला आणखी आठ-नऊ शतके जावी लागली.

ती शतके शेतकऱ्याने कशी काढली? तो मोजत नव्हता, मोजला जात होता. सोळाव्या शतकाच्या शेवटी तोयोतोमी हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी करवली. कुठल्या शेतात किती तांदूळ पिकतो हे लिहून काढले आणि तांदळाचे माप एक केले. तेव्हापासून सरदाराची श्रीमंती 'कोकु'त सांगू लागले. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ. एका माणसाचे वर्षाचे खाणे एवढे, असा ढोबळ हिशेब असे. कागा प्रांताचा सरदार दहा लाख कोकुंचा धनी म्हणून प्रसिद्ध होता. हे दहा लाख कोकु कोणी पिकवले, हे त्या बिरुदात येत नाही. सारा तांदळाच्या रूपाने द्यायचा असल्यामुळे लाकडी मापाला जीवनमरणाचे महत्त्व होते. माप भरून वरून काठी फिरवायची ती कोण फिरवतो आणि कशी फिरवतो, यावर शेतकऱ्याच्या घरात काय उरणार ते ठरे. 'मापात पाप' ही आपली म्हण त्याला न सांगता कळली असती.

अशा काळात, १६२७ साली, क्योतोच्या योशिदा मित्सुयोशी याने 'जिन्कोकि' नावाचे पुस्तक लिहिले. चिनी ग्रंथाच्या आधाराने, पण जपानी माणसाच्या रोजच्या कामासाठी लिहिलेले हे अंकगणित. सोरोबान, म्हणजे मण्यांची चौकट, कशी चालवावी, तांदळाचा भाव कसा लावावा, नाण्यांची मोड कशी काढावी, जमीन कशी मोजावी, असे सारे त्यात चित्रांसह आहे. त्यातले उंदरांचे उदाहरण तर घरोघरी पोचले. उंदराची एक जोडी पहिल्या महिन्यात बारा पिले घालते, आणि मग दर महिन्याला प्रत्येक जोडी बारा-बारा. वर्षाअखेर उंदीर किती? उत्तर आपल्या रीतीने २७ अब्ज ६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. दर महिन्याला संख्या सातपट होते, एवढे ध्यानात आले की हे उत्तर कोणालाही ताडून पाहता येते. मला तर हे गणित वाचताना सावकाराचे चक्रवाढ व्याज आठवले. ज्याला उंदीर मोजता आले, त्याला कर्जही मोजता येणार!

या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या आणि नकला निघाल्या. पुढे गावोगाव 'तेराकोया' नावाच्या खासगी शाळा चालू लागल्या. आपल्या पंतोजींच्या शाळांसारख्याच त्या. वाचणे, लिहिणे आणि सोरोबान हे त्यांचे तीन विषय. याचा परिणाम काय झाला? एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, खेड्याखेड्यांतून एक नव्या प्रकारचे तंटे उभे राहिलेले दिसतात. शेतकरी गावच्या मुखियाला म्हणू लागले : साऱ्याची आणि गावखर्चाची वाटणी कशी केलीस ते दाखव, हिशेबाच्या वह्या उघड. तलवार सरदाराच्या कमरेला होती, पण वहीतली बेरीज आता शेतकऱ्यालाही करता येत होती. जपानच्या इतिहासात लढाया पुष्कळ आहेत. मला स्वतःला हे वह्यांचे तंटे त्या लढायांहून मोठे वाटतात.

मेइजी राजवटीत सारेच बदलले. १८७१ साली येन हे नाणे आले. १८७२ च्या शिक्षणविषयक हुकुमाने शाळांत पाश्चात्त्य अंकगणित शिकवावे असे ठरले आणि सोरोबानला दाराबाहेर उभे केले गेले. पण ते शिकवायला शिक्षक कुठे होते? थोड्याच अवधीत सरकारला माघार घ्यावी लागली, आणि सोरोबान पुन्हा वर्गात आला. १८७३ साली शाळेत नाव असलेली मुले शंभरात सुमारे चाळीस, आणि मुली शंभरात सुमारे पंधरा होत्या. १९०० साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली. त्यानंतर मात्र शाळा खऱ्या अर्थाने सर्वांची झाली.

मुलींचा हा आकडा मी मुद्दाम सांगितला. कारण ज्या मुलींना अंक शिकायची संधी नव्हती, त्यांच्याच हातांवर जपानचा कापड आणि रेशीमधंदा उभा राहिला. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ साली सुरू झाली आणि तिथे रात्रपाळीही चालू झाली. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी बोटकंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई आणि जपान यांच्यामध्ये नियमित बोटी सुरू केल्या. मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी तिकडे जाऊ लागल्या, आणि पुढे त्याच कापसाचे सूत व कापड मुंबईच्या मालाशी टक्कर देऊ लागले. जपानमध्ये स्त्रियांना आणि मुलांना रात्री कामावर घेतात, त्यामुळे त्यांचा माल स्वस्त पडतो, हा मुद्दा १९२६-२७ च्या टॅरिफ बोर्डापुढेही निघाला. जपानात स्त्रियांच्या रात्रपाळीला प्रत्यक्ष बंदी आली ती १९२९ साली. तोवर तिकडच्या मुलीची झोप आणि इकडच्या कामगाराची मजुरी एकाच तराजूत घातली जात होती, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

सुवा भागातल्या रेशमाच्या कारखान्यांतील मजुरीची रीत तर प्रत्येक कामगाराने समजून घ्यावी अशी आहे. मुलीने किती रेशीम उकलले, किती कोशांतून किती धागा काढला, धागा किती सारखा आला, हे सारे रोज मोजत. मग साऱ्या कारखान्याची सरासरी काढत. जी सरासरीच्या वर तिला जादा, जी खाली तिची कपात. म्हणजे एखादीने कालच्याहून अधिक काम केले, तरी इतरांनी त्याहून अधिक केले असेल, तर तिची मजुरी घटणार! आपली कमाई काय, हे तिला स्वतःच्या कामावरून कळणे शक्यच नव्हते. त्यासाठी शेकडो मुलींचे आकडे हवेत, आणि ते आकडे कचेरीत. शिवाय बापाने आगाऊ घेतलेली उचल त्याच वहीत. जिच्या प्रत्येक धाग्याची मोजणी होते, तिला स्वतःच्या मजुरीची मोजणी करता येऊ नये, अशीच ही योजना होती.

तरीही या मुली गप्प बसल्या नाहीत. १८८६ साली कोफू येथील अमामिया रेशीम कारखान्यात कामाचे तास वाढवले आणि मजुरी कमी केली, तेव्हा तिथल्या मुली काम सोडून एका देवळात जाऊन बसल्या. जपानमधला कारखान्यातील पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. पुढे १९२५ साली होसोई वाकिझो या गिरणी कामगाराने या मुलींच्या जीवनाची सारी हकीकत 'जोको आइशि', म्हणजे स्त्री-कामगारांचा करुण इतिहास, या ग्रंथात लिहिली. तो लहानपणीच गिरणीत गेलेला, स्वतःच शिकलेला. ग्रंथ निघाल्यावर महिन्याभरातच तो वारला. वय अवघे अठ्ठावीस. कामगारानेच कामगारांची मोजदाद मांडावी, याचे इतके उत्तम उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

महायुद्धात जपान हरला, शहरे बेचिराख झाली. नोव्हेंबर १९४६ मध्ये तोक्योत एक सामना झाला. एका बाजूला टपालखात्याच्या बचत विभागातील मात्सुझाकी कियोशी आणि त्याचा सोरोबान, दुसऱ्या बाजूला अमेरिकन सैन्यातील थॉमस वुड आणि त्याचे विजेवर चालणारे गणकयंत्र. सोरोबानने चार विरुद्ध एक असा सामना जिंकला. यंत्र जिंकले ते फक्त गुणाकारात. ही गोष्ट जगभर गाजली.

पण त्याच शरद ऋतूत जपानमध्ये दुसरी एक गणती चालू होती, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. वीज कामगारांच्या संघटनेने, 'देन्सान'ने, मालकाला 'अमुक टक्के वाढ द्या' असे म्हटले नाही. कुटुंबाला जगायला किती अन्न लागते, ते अन्न बाजारात कितीला मिळते, इतर गरजा किती, याचा हिशेब त्यांनी आपणच मांडला, आणि त्यावरून पगार ठरवला. पगाराचा मोठा भाग कामगाराचे वय आणि कुटुंबातली माणसे यांवर, आणि थोडा भाग कौशल्य व नोकरीची वर्षे यांवर. देशभरच्या संघटनांनी पुढे हा नमुना उचलला. नंतरच्या काळात मालकांनी पुन्हा आपल्या मूल्यमापनाची पट्टी आणली, हेही खरे. तरी १९५५ साली आठ महासंघांनी मिळून दर वसंतात एकत्रित वेतनलढ्याची जी प्रथा पाडली, तिच्या मुळाशी हाच विश्वास होता, की पगाराचा हिशेब आम्हांलाही करता येतो.

आपल्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने आली. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले, की किमान वेतन काढताना मिळवत्यामागे तीन खाणारी तोंडे धरावीत, प्रत्येकी २७०० उष्मांकांचे अन्न धरावे, आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड. मुंबईच्या महागाई निर्देशांकाच्या मोजणीत खोट आहे, अशी ओरड कामगारांनी केली, तेव्हा १९६३ साली प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांक हा अर्थशास्त्रज्ञांचा विषय, त्यात तुम्ही काय बोलणार, असे कामगारांना ऐकावे लागले होते. पण घरात गोडेतेल किती येते आणि कितीला येते, हे कामगाराच्या बायकोला नेमके ठाऊक होते.

आता कोणी म्हणेल, हा सारा जुना इतिहास झाला. आता संगणक मोजतो, त्यात चूक होत नाही. प्रश्न बेरजेच्या चुकीचा नाहीच. आज आपल्या शहरातला जो मुलगा दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो, त्याला विचारून पाहा. दर फेरीला किती मिळणार, गुण कशावरून कमी झाले, कालच्याएवढेच काम करून आज पैसे कमी का, हे त्याला सांगता येत नाही. त्याची प्रत्येक मिनिटाची मोजणी होते, आणि मोजणीची रीत त्याच्यापासून लपलेली असते. सुवाच्या कारखान्यातील मुलीची आणि त्याची गाठ पडली, तर दोघांना एकमेकांचे बोलणे लगेच समजेल.

म्हणून आमच्या अभ्यासवर्गात नव्या सभासदाला आम्ही पहिला धडा पगाराच्या चिठ्ठीचाच देतो. मूळ वेतन किती, भत्ता कशावर बांधलेला आहे, भविष्यनिर्वाहनिधीची कपात कुठल्या रकमेवर, जादा वेळेचा दर दुप्पट लावला की नाही, हे त्याने स्वतः बोटांवर मोजून दाखवायचे. पुष्कळ जण पहिल्या दिवशी लाजतात. शाळा सोडून वीस वर्षे झाली, म्हणतात. पण महिन्याभरात तीच माणसे शेजाऱ्याची चिठ्ठी मागून घेऊन तपासू लागतात. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी कोणी नुकतेच नोकरीला लागले असेल, त्यांनी या महिन्याची चिठ्ठी त्याच्याशेजारी बसून एकदा ओळीने वाचावी, एवढी विनंती.